जोत्याबाहेरची पायरी

माझ्या नोकरीतलं सगळ्यात लांबलेलं भांडण एका पायरीवरून झालं. पायरी समुद्रकाठच्या एका बंगल्याची होती, आणि बंगल्याचे मालक होते आमच्याच बेळगावचे, उद्यमबागेतले कारखानदार.

मी बेळगावातल्याच वडगावची. आमच्या घरी माग. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर साड्या विणत आले. समुद्राशी आमच्या घराचा संबंध मिठापुरता. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, सरकारी नोकरी लागली आणि बरीच वर्षं खानापूर तालुक्यातल्या शाळाखोल्या, मोऱ्या आणि रस्ते यांत गेली. कणकुंबीच्या पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात टेप धरून मी मोरीची मापं घेतली आहेत. याहून ओलं काम आता मिळणार नाही, असं वाटायचं. पण निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना बदली झाली ती थेट घाटाखाली, किनाऱ्यावरच्या बांधकामांवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीत.

सुट्टीत घरी आले की गल्लीतल्या बायका विचारायच्या, "शारदाक्का, तिकडं काय समुद्र मोजतीस व्हय?"

"समुद्र न्हाई गं, समुद्रापासनं मोजते," मी सांगायची.

काम खरोखर तेवढंच होतं. भरतीचं पाणी जास्तीत जास्त जिथवर येतं, ती रेषा धरायची आणि तिथून जमिनीकडं मोजायचं. त्या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. नियम येण्याआधीपासून जे उभं आहे ते राहू द्यायचं. वादळात मोडलं तर दुरुस्तही करू द्यायचं, पण जुन्या जोत्यावर, जुन्या उंचीइतकं, आणि समुद्राकडं एक वीतही पुढं नाही. आणि वाळूच्या टेकड्या असतात त्यांना हात लावायचा नाही. त्या खणायच्या नाहीत, सपाट करायच्या नाहीत, त्यांच्यावर काही बांधायचं नाही.

हे शेवटचं कलम लोकांना पटत नसे. वाळूचा ढीग तो, त्याचं एवढं काय? मी सांगायची की दगडी भिंत लाटेशी भांडते. लाट आपटते आणि परतताना भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते, शिवाय शेजाऱ्याचं अंगण खणते. टेकडी भांडत नाही. ती लाटेला थोडी वाळू खाऊ घालते, लाटेचा जोर तिथंच सरतो, आणि समुद्र निवला की तीच वाळू हळूहळू परत येते. मात्र टेकडी शिल्लक असायला हवी.

पावसाळा सरल्यावर चक्रीवादळ आलं, त्यात आमच्या हद्दीतल्या एका गावाला चांगलाच तडाखा बसला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात. दोन दिवसांनी मी पोचले तेव्हा होड्या भाताच्या खाचरात पडल्या होत्या आणि रस्त्यावर गुडघाभर वाळू होती. माणसं सगळी सुखरूप होती, त्यामुळं मनावरचं ओझं थोडं कमी होतं. पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घरोघर सांगत फिरले. कलत्या भिंतीला टेकू द्या, छपरावर ताडपत्री टाका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लोकांचा विश्वास बसेना. सरकारी बाई 'करा' म्हणते आहे म्हणजे यात काहीतरी गोम असणार, असं त्यांना वाटत होतं.

मग पाहणी सुरू झाली. हातोडीनं खांबावर ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर खांब जिवंत. बद्द आवाज आला तर आत सळी गंजलेली. खाऱ्या वाळूत कालवलेलं काँक्रीट वरून शहाण्यासारखं दिसतं, पण आतून पापड झालेलं असतं. एका गृहस्थांनी मी येणार म्हणून आदल्या दिवशी सगळ्या भेगांवर रंग मारला होता. रंग वाळला नव्हता. माझ्या पदराला लागला तेव्हा त्यांनीच मला रॉकेल आणून दिलं.

या पाहणीत दोन घरं शेजारीशेजारी आली. एक शिवाजीआण्णांचा बंगला आणि दुसरं दुर्गाबाईचं घर. दोन्हींच्या मध्ये सुरूच्या झाडांची एक ओळ.

शिवाजीआण्णांचा उद्यमबागेत ओतकामाचा कारखाना. समुद्रकाठी त्यांनी जुना बंगला घेतला होता. वादळात त्याचा समुद्राकडचा व्हरांडा कोसळला. समोरची टेकडी त्यांनी आधीच खाली उतरवली होती, बसल्या जागेवरून पाणी दिसावं म्हणून, तेव्हा पाणी विनाअडथळा आत आलं. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला, त्यात बारा फूट रुंद व्हरांडा आणि पुढं एक ऐसपैस पायरी दाखवली. मला शंका आली की जुनं जोतं आठच फुटांचं असावं. फाईलमधला मूळ नकाशा पाहावा म्हटलं, तर तो वाळवीनं खाल्लेला, आणि नेमका व्हरांड्याच्याच बाजूनं.

"खणून बघावं लागंल, आण्णा," मी म्हटलं. "जुनं जोतं वाळूखाली असंल."

"आक्का, तुमी वडगावच्या न्हवं? आपल्याच माणसाला आडवं लावताय व्हय?"

"टेप माणूस कुठल्या गावचा ते बघत न्हाई, आण्णा."

ते महिनाभर खणू देईनात.

दुर्गाबाईची अडचण याच्या उलट होती. साठीची, मासळी सुकवून विकणारी बाई. ती कोकणीत बोलायची, मी इथं आपल्या भाषेत लिहिते. तिच्या घरासमोरची टेकडी शाबूत होती, कारण तिच्या सासूनं आणि मग तिनं तिथं कधी शेळी चरू दिली नव्हती. त्यामुळं घर वाचलं, पण वाऱ्यानं छप्पर गेलं, एक भिंत गेली, आणि दार वाहून गेलं. ती म्हणाली, "बाई, मला तेवढंच घर परत पाहिजे. मोठं दिलंत तरी झाडणार कोण?" तिला वाढवायचं काहीच नव्हतं. फक्त घर नियमाच्या आधीचं आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्याजवळ नव्हता. कागद नाही म्हणजे घर नाही, आणि घर नाही तर दुरुस्ती कशाची? मी तिच्या ओट्यावर उभी राहून तिचं जुनं घर डोळ्यांनी बघत होते, आणि माझ्या हातातल्या फॉर्मप्रमाणं ते तिथं नव्हतंच.

मी पंचायतीत शोधलं, तालुक्याला शोधलं. काही मिळालं नाही. दुरुस्तीच्या अर्जांची मुदत जवळ येत चालली होती.

एका रविवारी मी वडगावला घरी होते. दुपारी दारात मोटार थांबली. शिवाजीआण्णा उतरले, हातात कुंद्याची, म्हणजे बेळगावी खव्याच्या मिठाईची, पेटी. मी आत पाणी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी आप्पांना सगळी हकिगत सांगून टाकली. मी बाहेर आले तर आप्पांच्या तोंडात कुंदा होता.

"आप्पा, तुम्हाला साखर हाय न्हवं?"

"थोडाच खाल्लाय," आप्पा म्हणाले. मग आण्णांकडं वळून, "तुमची कसली पायरी म्हणालासा?"

"एवढीशीच हाय बगा, आप्पा. चार फूट."

"एवढीशीच हाय, तर मग सोडा की."

मी बशी आणली, उरलेला कुंदा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "खावा. पेटी घरी घेऊन जावा. आणि मंगळवारी खणूया."

त्यांनी बशी जवळ ओढली. मग एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "खणा. पण शिवाजी खोटा न्हाई, हे लिवून घ्या."

त्यांची मोटार गेल्यावर आप्पा म्हणाले, "मलाबी दाखव की एकदा तुझा समुद्र." त्यांनी ऐंशी वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. सोमवारी मी त्यांना घेऊन बसनं निघाले. घाटात त्यांना दोनदा उलटी झाली, पण खाली उतरून पाणी दिसल्यावर म्हणाले, "लई मोठा पन्हा हाय गं." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. विणकराला दुसरं काय सुचणार?

मंगळवारी खणायला सुरुवात झाली. कचेरीचे दोन मजूर होते, मी होते, आप्पा होते, आण्णा खुर्चीत बसले होते आणि दुर्गाबाई सुरूच्या झाडाखाली उभी राहून बघत होती. बरोबर आठ फुटांवर जांभ्या दगडाचं जोतं संपलं. कडेला जुना चुना स्पष्ट दिसत होता. तिथून पुढं सिमेंटचे ठोकळे, चार फूट, आणि मग पायरी. वाद घालायला जागाच उरली नाही.

आण्णा उठून आले, वाकून बघितलं. "मिस्त्रीनं वाढीवलं आसंल."

"आपल्याच मनानं?"

त्यांनी ठोकळ्यावरची वाळू पुसली. "न्हाई. माझ्या मनानं."

पायरी एका बाजूनं कलली होती. खालची वाळू लाटांनी उपसून नेली होती आणि नंतर त्या पोकळीत पुन्हा वाळू भरली होती. मजुराचं फावडं तिथं लाकडावर आपटलं. आम्हाला वाटलं होडीची फळी असेल. वाळू बाजूला केली तर दार निघालं, कडीकोयंड्यासकट.

दुर्गाबाई धावत आली. कडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती, तिच्या सासूनं कधीतरी गुंडाळलेली. तिनं तारेवर हात ठेवला. मजुरांनी दार उलटं केलं. मागच्या बाजूला काळ्या तेलरंगात आकड्यांची रांग होती, एकाखाली एक. घराचा नंबर, आणि तारखा.

ज्यांनी लहानपणी पाहिलं असेल त्यांना आठवेल. हिवतापाच्या खात्याची माणसं घरोघर औषध फवारायला यायची आणि फवारलं की दारावर तारीख टाकून जायची. दुर्गाबाईच्या दारावर कितीतरी वर्षांच्या तारखा होत्या, आणि त्यातल्या वरच्या सगळ्या आमच्या नियमाच्या आधीच्या होत्या. मी दोनदा वाचल्या. मग वाळूत बसून त्या उतरवून घेतल्या.

पंचनामा तिथंच लिहायला घेतला. साक्षीदार हवे होते. आण्णा म्हणाले, "माझी सही घ्या. मी बघितलंय."

"आण्णा, दार कुठं मिळालं ते लिहावं लागंल. मूळ जोत्याबाहेर वाढवलेल्या पायरीखाली, असं. खाली तुमची सही."

त्यांना अर्थ बरोबर समजला. जोतं दिसलं तरी अजून वकील होते, ओळखी होत्या, वर अपील होतं. या कागदावर सही केली की ते सगळं संपत होतं. माझ्यापुढं दुसरी सही घेण्यासारखा बाहेरचा साक्षीदारही नव्हता. मजूर कचेरीचेच आणि आप्पा माझे वडील. आण्णांनी चष्मा पुसला. दुर्गाबाई दाराशेजारी बसली होती, तिच्याकडं एकदा बघितलं.

"लिवा," ते म्हणाले. "माझी पायरी नसती तर दार पार गोव्याला गेलं असतं, हेबी लिवा."

ते मी लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं, आणि त्यांनी ठळक अक्षरात सही केली.

कचेरीत आमच्या साहेबांनी दाराचे फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, मी कागद मागितला होता."

"साहेब, सरकारी माणसानं सरकारी रंगानं तारीख घातली आहे. कागदच आहे. जरा जाड आहे इतकंच."

त्यांनी हसू दाबलं आणि आरोग्य खात्याच्या जुन्या नोंदवह्या बघायला माणूस पाठवला. दारावरचा घरनंबर वहीत सापडला. दुर्गाबाईला जुन्या जोत्यावर, जुन्या उंचीइतकं घर दुरुस्त करायची परवानगी मिळाली. दारही तेच बसवलं, मागची बाजू न रंगवता.

आण्णांना परवानगी मिळाली ती आठ फुटांची. शिवाय अट होती की समोरची टेकडी पुन्हा उभी राहू द्यायची. टेकडी उभी करणं म्हणजे ट्रकनं वाळू ओतणं नव्हे. वादळानं रस्त्यावर आणि अंगणात आणून टाकलेली वाळू किनाऱ्याचीच असते, ती किनाऱ्याला परत द्यायची. एक ठेकेदार ती उचलायला ट्रक घेऊन आलाही होता. मी त्याला थांबवलं तर तो म्हणाला, "मॅडम, गाव साफ करतोय." पण त्या वाळूत काचा, खिळे, कौलांचे तुकडे होते. ते चाळून काढायचे कसे, हा प्रश्न होता.

तो आण्णांनी सोडवला. ओतकामात साचे वाळूचेच करतात, त्यामुळं कारखान्यात मोठ्या चाळण्या होत्याच. सुट्टीच्या दिवशी त्यांनी चाळण्या आणि सहा कामगार आणले. "वाळू आमालाबी कळतीय, आक्का," म्हणाले आणि स्वतः चाळायला उभे राहिले. गावातल्या बायका बुट्ट्या घेऊन आल्या. दोन रविवारांत रस्ता मोकळा झाला.

मग वारा अडवायला झापांची कुंपणं घातली. नारळाच्या झावळ्या विणून आडवे तट्टे करतात, ते झाप. गावातल्या बायकांनी घराला लावतात तसे घट्ट, सुबक झाप विणले. मीही कौतुक केलं. आठवड्यात सगळे आडवे झाले. वारा झापावर आपटून खाली वळायचा आणि बुडाचीच वाळू उकरायचा.

आप्पांचा मुक्काम वाढला होता. त्यांनी एक पडलेला झाप उचलून उन्हात धरला. "पोत घट्ट झालंय," म्हणाले. "वाऱ्याला आडवायचं न्हाई. दमवायचं. एक घर भर, एक घर सोड." आणि वाळूत मांडी घालून त्यांनी एक झाप उसवून पुन्हा विणला, अर्धा विरळ. बायका हसल्या. एवढ्या भोकांतून वाळू थांबणार कशी? माझ्या पुस्तकातही निम्मं मोकळं कुंपण असं लिहिलेलं होतं, पण ते मी नीट सांगितलं नव्हतं. सुबक विणकाम बघून माझीच जीभ अडली होती. चार दिवसांनी आप्पांच्या झापामागं वीतभर वाळू साठली. तेव्हा कुणी हसलं नाही, सगळ्याजणी आप्पांकडून शिकायला बसल्या. दुर्गाबाईला मराठी येत नव्हती, आप्पांना कोकणी येत नव्हती, पण झाप झाले.

पावसात आम्ही मर्यादवेलीच्या कांड्या लावल्या, आणि पुढच्या बाजूला ते टोकदार गवत, ज्याला 'रावणाच्या मिशा' म्हणतात. पुढच्या वर्षीच्या उधाणात टेकडीची समुद्राकडची कड कापली गेली, पण पाणी आत आलं नाही. दिवाळीपर्यंत कड निम्मी भरूनही आली. मी आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "धागा तुटला म्हणून माग मोडत न्हाईत. गाठ मारायची."

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. त्याच गावात गंगाधर म्हणून नावाडी होता. त्याचे सगळे कागद चोख होते. पण त्याचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं आणि वादळानं घराबरोबर टेकडीही नेली. जिथं त्याची चूल होती तिथं भरतीला पाणी यायला लागलं. कागद होते, पण जमीनच नव्हती. मी नकार लिहिला. तो बरोबर होता, आजही तोच लिहीन. त्याला आत, रस्त्यापलीकडं जागा मिळाली. पण तो नकार मी टपालानं पाठवला. दुर्गाबाईला परवानगी द्यायला मी स्वतः गेले होते, आणि गंगाधरला पाकीट गेलं. कामाचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर त्याच्या समोर उभं राहायचं मला जमलं नसतं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्या गावी गेले. आधी रस्त्यापलीकडं गेले. गंगाधर अंगणात जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मला ओळखलं. मी इकडचं तिकडचं बोलत बसले नाही.

"गंगाधर, ते पत्र मी स्वतः घेऊन यायला पाहिजे होतं. आले नाही. माझी चूक झाली."

त्यानं सुई थांबवली. "तुम्ही आला असता, तरी 'नाही'च सांगितलं असतं ना?"

"होय. नाहीच सांगितलं असतं."

"मग तेवढा चहा राहिला," तो म्हणाला, आणि आत बायकोला हाक मारली. चहा पिऊन मी उठले तेव्हा त्यानं पुन्हा बसवलं. एक आजचा होता, म्हणाला. मागचा अजून व्हायचाय.